वारस नोंदीच्या नावाखाली माझे १४,५०० रुपये गेले

आमचे दादा, म्हणजे वडील, २०२३च्या फेब्रुवारीत गेले. गावाकडे त्यांच्या नावावर दोन एकर जिरायत. मी पुण्यात नोकरीला, आई गावी एकटी. सातबाऱ्यावर वारस लावायचे म्हणून सुट्टी काढून तालुक्याला गेलो, तर चुलत्यांनी ओळखीचा एक माणूस गाठून दिला. तहसीलबाहेर झेरॉक्सच्या दुकानात बसणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा. "तलाठी भाऊसाहेबांकडे तुम्ही जाऊच नका, हेलपाटे मारून थकाल," म्हणाला.

त्याने एक छापील कागद पुढे ठेवला. वर राजमुद्रा, खाली 'शासन परिपत्रक', आणि तक्ता: नोंद फी ३,५००, तीन महिने उलटल्याचा दंड ६,०००, वारस ठराव २,०००, कागदपत्रे ३,०००. तीन महिने खरेच उलटले होते, त्यामुळे दंडाचे मला खरे वाटले. त्या कागदावर ना विभागाचे नाव होते, ना क्रमांक, ना तारीख. आज त्या कागदाचा मी काढलेला फोटो पाहिला की पहिली नजर तिथेच जाते. त्या दिवशी मी फक्त राजमुद्रा पाहिली. पैसे रोख दिले, पावती मागितली नाही.

जाता जाता त्याने ताईची शंभराच्या मुद्रांकावर सही घेतली. "बहिणीचे नाव लावून नंतर कटकट नको, हक्कसोड करून टाकू," म्हणजे तिने आपला हिस्सा सोडल्याचे लिहून द्यायचे. ताईने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, तिने सही केली.

आठवड्याने फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मिळाली. चार महिन्यांनी आई सोसायटीत पीककर्जाला गेली, तेव्हा सातबाऱ्यावर दादांचेच नाव. तलाठी भाऊसाहेबांनी नोंदवही उघडून दाखवली. तो क्रमांक दुसऱ्याच एका शेतकऱ्याच्या जमिनीवरील कर्जाच्या, म्हणजे बोजाच्या, नोंदीचा होता. आमचा अर्ज कधी आलेलाच नव्हता.

त्या रात्री मी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ उघडून बसलो. भाषा जड आहे, पण आपल्या कामाची कलमे मोजकी. कलम १४९ सांगते की वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच द्यायची. उशीर झाला तर काय, ते कलम १५२मध्ये आहे: जास्तीत जास्त पाच रुपये विलंब फी. पाच रुपये! माझ्याकडून सहा हजार घेतले होते. वारस नोंदीला फी तर मुळातच नाही. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर घरबसल्या अर्ज करता येतो. मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडायचे. मग गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद, फेरफार, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, आणि मंडळ अधिकाऱ्यांचे प्रमाणीकरण. आपला फेरफार खरेच टाकला गेला का, हे 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून कोणालाही फुकट पाहता येते. हे मला आधी माहीत असते तर त्या चिठ्ठीचे पितळ दोन मिनिटांत उघडे पडले असते.

कोणी 'जीआर (शासन निर्णय) आहे' म्हणून कागद दाखवला, तर आता मी आधी त्यावरचा संकेतांक, म्हणजे ओळख क्रमांक, शोधतो. राज्याचे शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर विभागवार ठेवलेले असतात, तिथे ते स्वतः काढून वाचावेत. पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो का, तेही बघा. शिवाय अधिनियमात जे नाही ते नुसत्या परिपत्रकाने लादता येत नाही, म्हणून आधी मूळ कायदा वाचा, तोही अलीकडच्या दुरुस्त्यांसह. तरीही शंका राहिली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, दहा रुपयांचा. 'अमुक फी कोणत्या आदेशाने आकारली जाते, त्याची प्रत द्यावी' एवढा एकच प्रश्न मी विचारला. तीस दिवसांच्या आत उत्तर आले: असा आदेश अभिलेखात नाही. हे उत्तर जोडूनच मी पोलिसांत लेखी तक्रार दिली. पैसे अजून परत आलेले नाहीत.

नवा अर्ज मी स्वतः भरला. आई, ताई आणि मी, तिघांची नावे लागली. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत काढून आईच्या हातात दिला.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय ग्राह्य नसते, हेही मला तेव्हाच वाचायला मिळाले. म्हणजे ताईचा हक्क शाबूत आहे. पण तिने माझ्या भरवशावर सही केलेला तो मुद्रांक त्या माणसाकडेच आहे. दोनदा मागायला गेलो, दोन्ही वेळा 'शोधून ठेवतो' म्हणाला. पुढच्या सोमवारी ताईला घेऊन पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी पोलीस तक्रारीत त्या कागदाचाही उल्लेख करून.