रविवारी सकाळी हिप्परगा की नान्नज?

सोलापुरात रविवार म्हणजे उशिरा उठायचं, जेवायचं आणि परत झोपायचं, हे मोडायचं असेल तर जवळच दोन मस्त जागा आहेत.

हिप्परग्याचा तलाव तुळजापूर रोडला, गाडी काढली की लगेच पोचतो. एकरुख तलाव म्हणतात तोच हा, इंग्रजांच्या काळातला, १८७१ चा. थंडीत बाहेरगावचे पक्षी येतात, काठावर पोरांना घेऊन निवांत बसता येतं, थर्मासमधला चहा आणि कडक भाकरी शेंगाचटणी नेली की झालं, प्लॅनिंग असं काही लागतच नाही.

नान्नज जरा लांब, बार्शी रोडला, साधारण २० किमी. माळढोक या मोठ्या, दुर्मिळ पक्ष्याचं अभयारण्य. माळढोक आता दिसणं फारच अवघड, त्या आशेवर जाऊ नका, पण काळवीट बघा हो! वाळलेल्या गवतात कळप उभा असतो, आधी नुसती शिंगं दिसतात पिळाची, मग एकदम सगळे उड्या मारत सुटतात आणि आपण दुर्बीण डोळ्याला लावायच्या आत पार पलीकडं. नशीब असेल तर लांडगापण. मात्र परवानगी आणि वेळ वनखात्याकडं आधी विचारून घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला, आणि उजाडायच्या आत निघा, नऊनंतर सावलीला झाड सापडत नाही.

लहान पोरं, म्हातारी माणसं सोबत असतील तर हिप्परगाच. दोघंतिघं मित्र असाल तर मी डोळे झाकून नान्नज म्हणेन, असा माळ बाकीच्यांकडं नाही, आपल्याकडं आहे.