आजोबांसारखा साधा ट्रान्झिस्टर हवा असेल तर हा घ्या
आजोबांची सगळी चैन म्हणजे उशाशी ट्रान्झिस्टर आणि रात्रीच्या बातम्या, बाकी त्यांनी कधी काही मागितलंच नाही. ते गेल्यावर मुद्दाम तसाच चाकी फिरवून स्टेशन लावायचा रेडिओ घेतला आणि खरंच मस्त निघाला, मीडियम वेव्हला आवाज भरदार, रात्री तर लांबलांबची स्टेशनं लागतात. आजोबा सेट हळूहळू वळवत बसायचे, खूप समाधानात असायचे तेव्हा, आत फेराइट रॉडचा (चुंबकीय पदार्थाच्या कांडीचा) अँटेना असतो ना, दिशा जमली की खरखर कमी होते. एलईडी बल्ब, मोबाइल चार्जरपासून मात्र लांब ठेवा, नाहीतर खरखर वाढते. डायलवरचे आकडे फार बारीक आहेत, वयस्कर माणसांसाठी मोठे हवे होते. तरी घरात आजी-आजोबा असतील तर नक्की घेऊन द्या.