कातळशिल्पांची डे टूर केली : जेवण पाच स्टार, माहिती साडेतीन

आधी निकाल सांगतो, टूर करा, पैसे वाया जात नाहीत. फक्त गाईड सांगेल ते सगळं जसंच्या तसं गिळू नका. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण माणूस कष्टाळू आहे, नुकताच धंद्यात उतरलाय आणि माझी खरी तक्रार त्याच्या एका वाक्याबद्दल आहे.

रत्नागिरीतून सकाळी उजाडता उजाडता उचलतात, बोलेरो आहे, एसी चालतो, मागच्या सीटवर उंच माणसाचे हाल होतात. आधी उक्षी, मग दुपारचं जेवण, मग पावस-पूर्णगड करत कशेळी. हा क्रम डोकं लावून ठेवलाय, कारण कातळशिल्पं म्हणजे उघड्या जांभ्यावर कोरलेली चित्रं, ती फार खोल नसतात, ऊन डोक्यावर आलं की नुसता सपाट जांभा दिसतो आणि माणूस म्हणतो ह्यात काय बघायचं. तिरप्या उन्हात रेषा उठून येतात. गाईड दादा त्याच भागातले, सोबत खराटा घेऊन फिरतात, रेषांतली माती आणि सुकं गवत झाडतात आणि मग चला बघा म्हणतात. शिल्पावर पाय ठेवू देत नाहीत, एका बाईंना सेल्फीसाठी आत जायचं होतं तर सरळ नाही म्हणाले. ह्याला पूर्ण मार्क.

उक्षीला हत्ती आहे, भोवती गोल कठडा बांधलाय, वरून नीट दिसतो. पण कशेळीचा हत्ती म्हणजे वेगळंच प्रकरण, साधारण १८ मीटर बाय १३ मीटर, आणि त्याच्या अंगात जमिनीवरचे, पाण्यातले असे कितीतरी लहान प्राणी कोरलेत. जवळ उभं राहिलं तर कळतच नाही आपण हत्तीजवळ आहोत ते, दादांनी आम्हाला कडेकडेने चालवत सोंड दाखवली, पाठ दाखवली, तेव्हा कुठे डोक्यात चित्र जुळलं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकण-गोव्यातल्या ज्या जागा गेल्या त्यात उक्षी, कशेळी दोन्ही आहेत. मग दादांनी लॅमिनेट केलेले फोटो काढले, ह्या पट्ट्यातल्या शिल्पांत ओळखले गेलेले एकशिंगी गेंडा आणि पाणघोडा. आज कोकणात दोन्ही नाहीत, पाणघोडा तर अख्ख्या भारतात नाही.

आणि इथेच ते वाक्य आलं. एका काकांनी विचारलं, "मग हे प्राणी गेले कुठे हो?" दादा म्हणाले, "हवामान बदललं ना काका. आपले आदिमानव पूर्वज निसर्गाचा समतोल राखून असायचे, गरजेपुरतंच मारायचे." लगेच पुण्याचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काय सांगताय दादा, माणसानेच तर सगळे मॅमथ संपवले!" (मॅमथ म्हणजे हत्तीचे हिमयुगातले नातेवाईक.) मग काय, सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या माळावर, वाद, टोप्या कमी आणि मतं जास्त. मला ह्या विषयाची खाज आहे म्हणून लिहितो, दोघंही अर्धेच बरोबर होते.

समतोलवाल्यांनी न्यूझीलंडकडे बघावं. तिथे मोआ नावाचे न उडणारे पक्षी होते, नऊ जाती, सगळ्यात मोठ्या जातीची मादी २०० किलोच्या वर. पॉलिनेशियन लोक तिथे पोचले तेराव्या शतकाच्या आसपास आणि पुढच्या शतक-दीड शतकात मोआ संपले. तेव्हा काही हिमयुग चालू नव्हतं. चुली, हाडांचे ढीग, फोडलेली अंडी, सगळं उकरून मिळालंय. बंदुका नाहीत, ट्रॉलर नाहीत, मूठभर लोक, तरी संपवले.

कसं शक्य आहे म्हणाल तर कोकणातल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल, बांगडा आणि मोरी (लहान शार्क). बांगडा ढिगाने अंडी घालतो, मोरीला पिल्लं मोजकी आणि वयात यायला वेळ, म्हणून थोडी जास्त मासेमारी झाली तरी मोरी आधी बसते. मोठ्या जनावरांचं तेच. हत्तिणीचा गाभणकाळ २२ महिने, दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. मोआच्या हाडांतल्या वाढीच्या रेघांवरून दिसतं की त्यांना पूर्ण वाढायला कित्येक वर्षं लागायची. म्हणजे रोज कत्तल करायची गरजच नाही, जन्मापेक्षा दोन-चार जास्त मारले की पिढ्यानपिढ्या आकडा उतरत जातो, आणि मारणाऱ्याला त्याच्या आयुष्यात काही फरक जाणवतही नाही. त्यामुळे "गरजेपुरतंच मारायचे" हे खरं असलं तरी त्याने जनावर वाचतंच असं नाही!

आता इंजिनिअर साहेब. सगळे मॅमथ माणसाने नाही संपवले. अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावरचे मॅमथ साधारण ५,६०० वर्षांपूर्वी संपले, तेव्हा तिथे माणूसच नव्हता, समुद्र चढून बेट लहान झालं आणि गोड्या पाण्याची तळी आटली. सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावर तर मॅमथ साधारण ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होते. उत्तर अमेरिकेत खरा घोळ आहे, साधारण १३,००० वर्षांपूर्वी क्लोव्हिस नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिकाऱ्यांच्या भाल्यांची पाती सापडायला लागतात आणि त्याच सुमारास हवामानही उलटंपालटं होतं, त्यामुळे पॉल मार्टिन ह्या संशोधकाने १९६० च्या दशकात माणसावर बोट ठेवलं तेव्हापासून भांडण चालू आहे. माझं मत माणसाकडे झुकतं, कारण ह्या जनावरांनी आधीची कितीतरी हिमयुगं पचवली होती, मग नेमकं शेवटचंच का नाही पचलं? पण हवामानाने खिळखिळं केलं आणि माणसाने शेवटचा धक्का दिला असंही अनेक ठिकाणी झालं असणार.

ऑस्ट्रेलियातला एक पुरावा मला फार आवडतो. शेणावर वाढणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू तळ्याच्या गाळात साठतात, मोठी जनावरं जास्त तर बीजाणू जास्त. तिथल्या लिंच क्रेटरच्या गाळात साधारण ४१,००० वर्षांपूर्वी ते एकदम घटतात आणि त्याच्या नंतर कोळशाचे कण वाढतात. म्हणजे चरणारी गेली, गवत-पालापाचोळा साठला आणि वणवे वाढले. सड्यावरचं सुकं गवत ज्यांनी पेटलेलं बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि आता आपल्याकडचं, जे दादांनी सांगायला हवं होतं. भारतात असा सफाया झालाच नाही! हत्ती आहे, गेंडा आहे, गवा आहे, वाघ आहे. जीवाश्मांचे अभ्यासक अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडाचे जीवाश्म तपासले तर साधारण ३०,००० वर्षांपूर्वीपासून मोजकीच मोठी सस्तन जनावरं गेलेली दिसली, आजच्या हत्तीपेक्षा मोठा पॅलिओलोक्सोडॉन, त्याचा लांबचा नातेवाईक स्टेगोडॉन, एक घोडा आणि भारतातला पाणघोडा. शहामृगही गेला, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्याच्या अंड्याचं कोरीव कवच सापडलंय, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचं. बाकीचे टिकले, आणि त्याचं एक कारण असं मांडतात की इथे माणसाचे पूर्वज फार जुने, तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला १५ लाख वर्षांची दगडी हत्यारं मिळालीत, जनावरांना दोन पायांच्या प्राण्याला घाबरायला शिकायला भरपूर वेळ मिळाला. आफ्रिकेतही तसंच, तिथेही मोठी जनावरं तुलनेने बरीच उरली. अमेरिका, न्यूझीलंडच्या जनावरांना तो वेळ मिळाला नाही.

गेंड्याचं बिल मात्र आदिमानवावर फाडू नका. हडप्पाच्या मुद्रांवर गेंडा आहे, बाबराने १५१९ मध्ये पेशावरकडे गेंड्याची शिकार केल्याचं स्वतः लिहिलंय. पश्चिमेकडचा गेंडा गेला त्यात शेती, गवताळ दलदली जाणं आणि राजेलोकांची हौस ह्यांचा वाटा मोठा असणार.

दुसरी तक्रार, दादा शिल्पांचं वय छातीठोक सांगतात, तेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. कोरलेल्या रेषेत कार्बन नसतो, तिचं थेट वय काढणं अवघड, आजूबाजूच्या हत्यारांवरून अंदाज बांधतात. "काही हजार वर्षं, नक्की किती त्यावर काम चालू आहे" म्हटलं तर कोणी पैसे परत मागणार नाही. पण माणूस चांगला, परतीच्या वाटेवर म्हणाले, "ते मोआचं काय ते लिहून पाठवा, पुढच्या ग्रुपला सांगतो." पाठवलंय.

जेवण एका घरी, तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी, सुरमई वेगळे पैसे देऊन. सोलकढी परत मागितली तरी तोंड वाकडं करत नाहीत. तीन नंतर निघायची घाई करतात, ती ऐका, कशेळीला उशीर केलात तर अंधारात हत्ती शोधाल.

माणशी खर्च हजाराच्या थोडा वर, जेवण धरून, मला रास्त वाटला. सड्यावर सावली नाही, टॉयलेट नाही, टोपी-पाणी घ्या, गुडघेदुखीवाल्यांनी उक्षीलाच समाधान मानावं. पावसाळ्यात कातळ निसरडा आणि वर गवत, तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बेस्ट. कॅश ठेवा, बऱ्याच ठिकाणी रेंज नसते आणि यूपीआय गोल गोल फिरत बसतं.