बटाट्याची ग्रो बॅग: ठाण्याच्या गॅलरीत एक हंगाम वापरल्यानंतर

आमची गॅलरी घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून. बटाट्यासाठीच्या दोन कापडी ग्रो बॅग गेल्या दिवाळीपासून तिथे आहेत. प्रत्येकी चाळीस लिटर, उचलायला पट्टे, खाली आतले बटाटे बघायला वेल्क्रोची खिडकी आणि सोबत ‘फ्रॉस्ट कव्हर’ नावाचं पांढरं पातळ कापड. पिशवी चांगली आहे. सोबतचं माहितीपत्रक मात्र ठाण्यासाठी लिहिलेलंच नाही, त्यावर विसंबलात तर पिशवीला उगाच नावं ठेवाल.

पत्रक म्हणतं, बेणं फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा आणि रात्री दव गोठण्याची शक्यता असेल तर कव्हर घाला. आयर्लंड-इंग्लंडसाठी हे अगदी बरोबर. आयर्लंडात १७ मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिक डेच्या सुमारास बटाटा लावायची जुनी पद्धत आहे. माती ७-८ अंशांच्या वर गेली की कोंब हलतात, पण नंतर एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की वर आलेली पानं काळी पडतात. खालचं बेणं शाबूत असेल तर पुन्हा फुटतं, म्हणून तिथले लोक थंडीचा अंदाज आला की कोवळ्या कोंबांवर माती ओढून ठेवतात. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दव गोठतं, निफाडचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. ठाण्यात जानेवारीत स्वेटर बाहेर निघाला तरी कौतुक.

इथे धास्ती उन्हाळ्याची. बटाटा धरायला रात्री गार लागतात, साधारण २० अंशांच्या खाली. त्याहून उबदार रात्री असल्या की झाड नुसतं वर वाढत बसतं. म्हणजे तिकडे थंडी कधी सरते ते बघून लावणी ठरते, तर आपण उन्हाळा कधी लागतो ते धरून मागे मोजायचं. कुफरी पुखराजसारखी लवकर येणारी जात घेतली तरी ७५ ते ९० दिवस लागतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बेणं मातीत गेलंच पाहिजे. माझे मामा पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचे, तिथे बटाटा पावसाळ्यात लावतात. फोनवर म्हणाले, “अगं, तुमच्याकडं थंडी असती किती? हाय तेवढ्यात उरकून घे.”

एक पिशवी मामांच्या सल्ल्याने नोव्हेंबरात भरली, दुसरी मुद्दाम पत्रकाप्रमाणे फेब्रुवारीत. पहिलीतून किलोभराच्या आसपास बटाटे निघाले. दुसरीत कमरेएवढी हिरवीगार झाडं आली आणि मुळाशी गोट्या! पैशाचा हिशेब करायचा असेल तर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून गोणी आणा, हे काम हौसेचं आहे.

बेण्याबद्दल थोडं सविस्तर. बाजारातला खायचा बटाटा अनेकदा कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेला असतो, तो लावून वाट बघण्यात अर्थ नाही. बेण्याचा बटाटाच मागवा, अंड्याएवढा, अख्खा. तो उजेडात पण उन्हात नाही असा पसरून ठेवला की आखूड, जाड, गडद कोंब येतात. अंधाऱ्या कपाटात ठेवलात तर लांब पांढरे दोरे येतात आणि लावताना मोडतात. पिशवी सुरुवातीला तिसरा हिस्साच भरायची, मग झाड वर येईल तशी माती, कोकोपीट आणि गांडूळखताची भर देत जायची.

आता पिशवीचे गुणदोष. कापडातून पाणी निथळतं, त्यामुळे बेणं कुजलं नाही, हा मोठा फायदा. पण ते पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर जातं. खोल ताटली ठेवाच, सोसायटीत नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. काळा रंग दुपारच्या उन्हात फार तापतो, मी भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. खिडकी ही निव्वळ जाहिरातीची सोय. वेल्क्रोच्या फटीतून उजेड जातो आणि कडेचे बटाटे हिरवे होतात. हिरव्या बटाट्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं, ते खाऊ नयेत. मी सरळ फेकले.

गंमत म्हणजे सगळ्यात उपयोगी पडलं ते फ्रॉस्ट कव्हर. जानेवारीच्या अखेरीस दुपारचं ऊन चटकायला लागलं तेव्हा ते ग्रिलला वरून बांधलं, झाडापासून हातभर अंतर ठेवून. झाडावरच टाकलं तर आत ऊब कोंडते, शेवटी ते त्याचसाठी बनवलेलं आहे.

टिकाऊपणात पट्ट्यांची शिवण एका जागी उसवली, बाकी कापड शाबूत आहे. पाच पैकी साडेतीन तारे, खिडकी नसलेली साधी पिशवी स्वस्त मिळाली तर तीच घ्या. काढणीनंतर त्याच मातीत टोमॅटो, वांगं किंवा मिरची लावू नका, बटाट्याच्याच कुळातली असल्याने रोग पुढे जातात. मी खिडकी दाभणाने शिवून टाकली आणि मेच्या शेवटी दोन्ही पिशव्यांत हळद लावली.