पंचवीस हजारांत सुतारकामाची मशीनं: कटर की सर्क्युलर सॉ, दुकान की ऑनलाइन?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, पंचवीस हजार बाजूला काढलेत. घरचं फर्निचर स्वतःच करायचं ठरवलंय. कुठली मशीनं घेऊ?" त्याने यादीही करून ठेवली होती आणि तिच्या पहिल्याच ओळीत मार्बल कटर होता, लाकूड कापायला. मी ती ओळ खोडायला लावली. का खोडली, तिच्या जागी काय लिहिलं आणि ते कुठून घ्यायला सांगितलं, ते इथे सविस्तर मांडतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला हाच प्रश्न विचारतं.

कटर आणि सर्क्युलर सॉ

आपल्याकडे बांधकामाच्या कुठल्याही साइटवर जा, चार इंची मार्बल कटरला दातेरी ब्लेड लावून प्लाय कापणं चाललेलं दिसेल. त्याची कारणंही खरी आहेत. कटर स्वस्त, हलका, ब्लेड कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्येही मिळतं आणि तोच कटर दुपारी टाइलही कापून देतो. वीस वर्षं हात बसलेल्या सुताराला मी काही शिकवायला जाणार नाही. पण तुम्ही नव्याने सुरुवात करताय, म्हणून कटर आणि सर्क्युलर सॉ, म्हणजे लाकडासाठीचीच विजेवरची गोल करवत, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

| | मार्बल कटर | सर्क्युलर सॉ |
|---|---|---|
| ब्लेड | ११० मिमी | १८५ मिमी |
| मिनिटाला फेरे | १२,००० आणि पुढे | ५,००० ते ५,५०० |
| कापाची खोली | साधारण ३४ मिमी | साधारण ६५ मिमी |
| खालचं गार्ड (ब्लेड झाकणारं कव्हर) | नसतं | स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं |
| किंमत | अडीच ते सहा हजार | सात ते दहा हजार |

फेऱ्यांच्या ओळीवर जरा थांबा. ब्लेडच्या कडेचा वेग काढला तर कटरच्या दाताचा वेग सेकंदाला ६९ मीटरच्या आसपास जातो, सर्क्युलर सॉचा ५० च्या आसपास राहतो. म्हणजे लहान दिसणाऱ्या मशीनचा दात जास्त वेगाने फिरतो, तोही उघडा. दगडाच्या ब्लेडला दात नसतात, ते घासत जातं. लाकडाचं दातेरी ब्लेड अडकलं तर मशीन सरळ तुमच्या दिशेने उसळतं. आणि ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ते ब्लेड लावायचंच नाही. बाजारातली कितीतरी स्वस्त ब्लेडं या एका कसोटीवरच बाद होतात.

पण माझ्या मते खरा फरक गार्डचा आहे. सर्क्युलर सॉ लाकडात शिरताना खालचं गार्ड मागे सरकतं आणि काप संपून ब्लेड बाहेर आलं की "टक्" आवाज करत मिटतं. तो आवाज ऐकल्याशिवाय मी मशीन खाली ठेवत नाही. एकदा कटरने प्लाय कापून झाल्यावर, ब्लेड पुरतं थांबायच्या आधीच मी तो शीटवर टेकवला होता. तो शीटवरून हातभर पळाला, स्वतःचीच वायर कापली आणि कडेवरून खाली पडला. माझं पाऊल तिथून एक वीत लांब होतं. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये कटर फक्त टाइल आणि ग्रॅनाइटसाठी आहे.

तीन-चार हजार वाचतात म्हणून कटर घेऊ नका. यावर माझं मत पक्कं आहे.

सर्क्युलर सॉमध्ये कोणता

मकिता एचएस७६०० आणि बॉश जीकेएस १९० हे दोन बहुतेक दुकानांत हमखास दिसतात. मकिता १२०० वॅट, ५२०० फेरे. बॉश १४०० वॅट, ५५०० फेरे. दोन्हींचं वजन चार किलोच्या आसपास. तिरका काप मकितात ४५ अंशांपर्यंत जातो, बॉशमध्ये ५६ पर्यंत. घरच्या फर्निचरला ४५ च्या पुढे जायची वेळ क्वचितच येते. दोनशे वॅटचा फरक ओल्या, जाड सागवानात जाणवेल. १९ एमएमच्या प्लायमध्ये अजिबात नाही. डिवॉल्ट आणि हायकोकी (पूर्वीची हिताची कोकी, २०१८ मध्ये नाव बदललं) यांच्याही मशीनबद्दल माझी तक्रार नाही. या चारांतलं कुठलं घ्यायचं ते तुमच्या गावात कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे यावर ठरवा.

वॅटपेक्षा महत्त्वाची गोष्ट खोक्यावर छापलेली नसते: ब्लेड आणि खालची प्लेट समांतर आहेत का? हे तपासायला स्टीलची फूटपट्टी पुरते. प्लग काढलेला ठेवा, गार्ड मागे धरा, ब्लेडचा एक दात पेनाने खूण करून पुढच्या टोकाला आणा आणि प्लेटच्या कडेपासून त्याचं अंतर मोजा. मग तोच दात फिरवून मागच्या टोकाला न्या, पुन्हा मोजा. दोन्ही मापं एक यायला हवीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही आठ फुटी शीट कापताना ब्लेडला गाइडवर (सरळ कापासाठी लावलेल्या पट्टीवर) घासत नेतो, कड जळते आणि मोटर कण्हायला लागते. मी एकदा स्वस्त मिळालं म्हणून एक मशीन न मोजता घरी आणलं. त्याच्या प्लेटमध्ये सव्वा मिलिमीटरचा फरक निघाला. दोन शीट वाया गेल्यावर दोष माझ्या हाताचा नसून प्लेटचा आहे, हे कळलं.

मशीनसोबत आलेलं ब्लेड बहुधा कमी दातांचं असतं. चौकट, फळी उभी चिरायला ते ठीक आहे. प्लाय आणि मायकासाठी ६० दातांचं वेगळं घ्या. मधल्या कामाला ४० दातांचं. ब्लेडच्या मधल्या भोकाचं माप मशीनशी जुळतंय ना, ते दुकानातच बघा. आणि लक्षात ठेवा, या मशीनचं ब्लेड खालून वर कापत येतं, म्हणून पापुद्रे वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवून कापा.

टेबल सॉ मनात असेल तर तो विचार सध्या बाजूला ठेवा. तीस हजारांच्या आत धड मिळत नाही आणि घरात त्याला जागा लागते. आठ फुटी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आणि दोन शिकंजे (क्लॅम्प) घेतले की सर्क्युलर सॉ सरळ रेषेत चालतो. कपाटाच्या बाजू मी आजही अशाच कापतो.

वायरचं की बॅटरीचं

बॅटरीच्या मशीनवरचे व्होल्ट बघून भुलू नका. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२ पर्यंत जातो. असे पाच सेल जोडले की १८ व्होल्ट. पूर्ण चार्जला २१. मकिता आणि बॉश त्याला १८ म्हणतात, डिवॉल्ट २० म्हणतं, इतर काही जण २१ लिहितात. आत सेल तेवढेच. आणि ४८, ८८ असे आकडे स्टिकरवर दिसले तर ते मशीन पुन्हा खोक्यात ठेवायला सांगा.

माझा सल्ला सरळ आहे. करवत वायरची घ्या, ड्रिल बॅटरीचं घ्या. करवत सलग जोर मागते, तिला पुरेल अशी बॅटरी घ्यायची तर मशीनइतकाच खर्च वर येतो. ड्रिलला मात्र कपाटाच्या आत, कोपऱ्यात, शिडीवर शिरावं लागतं. फर्निचरच्या स्क्रूंना १२ व्होल्टचं, ३० न्यूटन मीटर टॉर्कचं (फिरवण्याच्या जोराचं) ड्रिल पुरून उरतं. बॉशचं जीएसआर १२०-एलआय त्याच वर्गातलं. सोबत दोन बॅटऱ्या येतात तोच संच घ्या.

वायरच्या मशीनला एक्स्टेन्शन बोर्ड बारीक तारेचा नको. १४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअर ओढतं आणि सुरू होताना त्याहून बरंच जास्त. दीड चौरस मिमीची तार असलेला बोर्ड करून घ्या. लांब, बारीक तारेवर व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि शेवटी आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळतं.

सँडर आधी की ट्रिमर आधी

ट्रिमरने कडा गोल करता येतात, एज बँड (प्लायच्या कडेला चिकटवायची पट्टी) आणि मायका लेव्हल करता येतो. मकिता ३७०९ चे ५३० वॅट आणि ३०,००० फेरे त्यासाठी भरपूर. पण पहिल्या टेबलला त्याच्यावाचून अडत नाही, सँडरवाचून, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनवाचून अडतं. १२५ मिमीचा रँडम ऑर्बिट सँडर घ्या. त्यातही वेग कमी-जास्त करता येणारा आणि धूळ गोळा करणारी डबी किंवा पिशवी असलेला. बॉशच्या जीईएक्स १२५-१ एई मध्ये दोन्ही आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. म्हणून एन-९५ मास्क यादीत मशीनच्या बरोबरीने लिहा. रुमाल बांधून भागत नाही.

कुठून घ्यायचं

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. या दोन्ही ठिकाणी एकाच गल्लीत चार कंपन्यांची मशीनं हातात घेऊन बघता येतात. ॲमेझॉन, मॉग्लिक्स, इंडस्ट्रीबाइंग या वेबसाइटवर भाव समोर दिसतात, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला कित्येकदा तोच एक मार्ग असतो.

भावात ऑनलाइन पाच-सातशेने स्वस्त पडतं, सेलमध्ये कधी हजारानेही. दुकानदार तेवढं कमी करत नाही, पण तो खोकं उघडून मोजू देतो. प्लेट वाकडी निघाली तर दुसरं खोकं काढतो. ऑनलाइनमध्ये तीच गोष्ट परतीच्या मुदतीत, फोटो पाठवत, वाट बघत करावी लागते. म्हणून करवत दुकानातून घ्या, कारण तिच्यात मापाचा प्रश्न आहे. ड्रिल आणि सँडर ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. मात्र विक्रेता कोण आहे ते वाचून घ्या आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. ब्लेड आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) ओळखीच्या दुकानातूनच आणा. नकली माल यांतच जास्त असतो.

दुकानात गेल्यावर भावाच्या आधी एक विचारा: "याचा कार्बन आणि आर्मेचर आत्ता आहे का तुमच्याकडे?" ज्याने ड्रॉवर उघडून कार्बन दाखवला, त्याच्याकडून दोनशे जास्त देऊनही मी घेईन. मशीन बंद पडलं की काम थांबतं, आणि कुरिअरने येणाऱ्या पार्टची वाट बघण्यात आठवडा जातो.

दुकानदाराने बिलाशिवायचा भाव सांगितला तर नको म्हणा. या मशीनांवर जीएसटी १८ टक्के. नऊ हजारांच्या बिलात साधारण १,३७० रुपये कर असतो आणि तेवढेच सोडायची तयारी तो दाखवत असतो. पण बिल नाही तर वॉरंटीचा दावा नाही. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्या दिवशीच कंपनीच्या साइटवर नोंदणी करा. ज्यांचं वर्कशॉप जीएसटीत नोंदलेलं आहे त्यांना हा कर वजा मिळतो, त्यांनी तर बिलाशिवायचा विषयच काढू नये.

भाच्याची यादी शेवटी अशी झाली: सर्क्युलर सॉ नऊ हजार, ड्रिल सहा, सँडर साडेसहा, उरलेल्या साडेतीन हजारांत ६० दातांचं ब्लेड, दोन शिकंजे, नळी, चष्मा आणि मास्क. ट्रिमर दिवाळीनंतर. शनिवारी तो खिशात फूटपट्टी घेऊन बोहरी आळीत गेला. पहिल्या खोक्यातल्या मशीनमध्ये पाऊण मिलिमीटरचा फरक आला. दुकानदाराने काही न बोलता दुसरं काढलं. त्यात दोन्ही मापं जुळली, ते तो घेऊन आला.