घरचा स्मार्ट चार्जर : नऊ महिन्यांनंतर

इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर म्हणून याच्याबद्दल तक्रार नाही. 7.4 किलोवॉटचा आहे, रात्री गन (गाडीत लावायचा प्लग) लावली की सकाळी गाडी तयार. नऊ महिन्यांत एकदाही दगा दिला नाही. मी लिहितेय ते त्याच्या वाय-फायबद्दल, म्हणजे त्यावरून कंपनीकडे जाणाऱ्या माहितीबद्दल.

सहाव्या महिन्यात कंपनीकडे माझ्या खात्यातली सगळी माहिती मागितली. तीन मेल केल्यावर एक भलीमोठी फाइल आली. गाडी कधी जोडली, कधी काढली, मधल्या वेळात दर मिनिटाचं मीटर रीडिंग. चाळता चाळता एका ओळीवर थांबले : पहाटे 2:41, चार्जिंग बंद, 6.3 युनिट. पुढची नोंद थेट सकाळी 9:10 ची. त्या रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही दवाखान्यात धावलो होतो. सख्ख्या मावशीलाही दुसऱ्या दिवशी कळवलं. कंपनीच्या सर्व्हरवर मात्र त्याच मिनिटाला नोंद पडली होती. गावाला गेलो ते नऊ दिवसही फाइलीत कोरे दिसतात. घर कधी रिकामं असतं, हे यावरून कुणीही सांगेल.

सार्वजनिक स्टेशनवर बिलासाठी या नोंदी लागतात, हे मला मान्य आहे. घरी कशाला? ‘सेवा सुधारण्यासाठी’ असं उत्तर आलं. किती वर्षं ठेवता, याला उत्तरच नाही.

ही भीती हवेतली नाही. 2021 मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश कंपनीने घरगुती चार्जर तपासले, तेव्हा काहींमध्ये दुसऱ्याचं खातं परस्पर ताब्यात घेता येत होतं. ब्रिटनने नंतर नियमच केला : नेटवर्क तुटलं तरी चार्जर चालला पाहिजे, आणि त्यातली वैयक्तिक माहिती मालकाला स्वतः सहज पुसता आली पाहिजे.

आता तीन महिने वाय-फाय बंद ठेवलंय. चार्जिंगची वेळ गाडीतच लावते, काहीही अडत नाही. फोनवर महिन्याचे युनिट दिसत नाहीत, एवढंच. अपडेटसाठी महिन्यातून एकदा गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) जोडते आणि लगेच काढते. चार्जरच्या ॲपची लोकेशन परवानगी तर पहिल्याच दिवशी काढायला हवी होती.

घेणार असाल तर दुकानात एकच गोष्ट करून बघा : इंटरनेट बंद करून चार्जिंग सुरू करायला सांगा. खातं उघडल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर मी तो चार्जर घेणार नाही. माझ्या जुन्या नोंदी पुसा, असा मेल कंपनीला पाठवून पाच आठवडे झाले. अजून उत्तर नाही.