थायलंडचा नव्वद दिवसांचा रिपोर्ट ऑनलाइन: वेबसाइट बरी आहे, पण आधी टीएम-३० बघा

नोकरी, शिक्षण, जोडीदाराचा व्हिसा किंवा निवृत्ती, कारण कोणतंही असो, थायलंडमध्ये सलग ९० दिवस राहिलेल्या परदेशी माणसाला आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३७ तसं सांगतं. फॉर्मचं नाव टीएम-४७, बोलताना सगळे ‘नाइन्टी डे’ म्हणतात. फी शून्य. उशीर झाला तर काउंटरवर २,००० बाट दंड. पोलिसांनी आधी पकडलं तर ५,००० पर्यंत, शिवाय नोंद होईपर्यंत दिवसाला २०० पर्यंत.

इथे परीक्षण आहे ते याच नोंदीच्या ऑनलाइन सेवेचं. २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय चालायची नाही आणि चाललीच तरी भरवसा नव्हता. आताची खातं उघडून वापरायची आवृत्ती त्या मानाने सभ्य आहे. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापला आहे तो बहुतेक एकाच गोष्टीसाठी: अर्ज नाकारला तर नेमकं काय चुकलं ते कळत नाही, ‘जवळच्या इमिग्रेशन ऑफिसशी संपर्क साधा’ अशा अर्थाचा मेल येतो आणि माणूस अंदाज बांधत बसतो.

कोणासाठी आहे, कोणासाठी नाही

पहिला रिपोर्ट ऑनलाइन होत नाही. तो स्वतः जाऊन किंवा अधिकारपत्र देऊन दुसऱ्याकरवी, आपण राहतो त्या भागाच्या ऑफिसात द्यायचा. दुसऱ्या वेळेपासून वेबसाइट. पासपोर्ट बदलला की पुन्हा एकदा काउंटर. भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण झालं की नंबर नवा येतो, त्यामुळे जुन्या खात्यातली माहिती निरुपयोगी ठरते. आधी इमिग्रेशनमध्ये जुन्या पासपोर्टावरचे शिक्के नव्यावर उतरवून घ्या, तो रिपोर्ट तिथेच द्या, मग पुढच्या वेळी ऑनलाइन.

दीर्घ मुदतीच्या एलटीआर व्हिसावाल्यांना वर्षातून एकदाच कळवायचं असतं. डीटीव्ही म्हणजे ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’वर १८० दिवस मिळाले असतील आणि मध्ये देशाबाहेर गेला नसाल, तर नव्वदीचा नियम तुम्हालाही आहे. नवरा, बायको, मूल, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. घरातल्या एकाचा झाला म्हणजे सगळ्यांचा झाला, असं नाही.

दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. एक, रिपोर्ट दिला की मुक्काम वाढतो. वाढत नाही. व्हिसाची मुदत संपत असेल तर एक्स्टेन्शन वेगळं, त्याचा फॉर्म टीएम-७, फी १,९०० बाट. दुसरा, दरवर्षी एक्स्टेन्शन घेतलं की त्यातच रिपोर्ट आला. नियमाप्रमाणे फक्त पहिल्या एक्स्टेन्शनचा अर्ज या नोंदीच्या बरोबरीचा धरतात, पुढच्या वर्षांचे नाही.

खरी अडचण वेबसाइटच्या आधी सुरू होते

अर्ज अडला की लोक ब्राउझर बदलतात, फोनऐवजी लॅपटॉप घेतात. गडबड मात्र बहुधा टीएम-३० मध्ये असते. कलम ३८ प्रमाणे परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत घरमालकाने किंवा घराचा ताबा असलेल्याने इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्या नोंदीचं नाव टीएम-३०. चुकल्यास साध्या घरमालकाला २,००० बाटपर्यंत दंड, हॉटेलवाल्याला २,००० ते १०,०००. तुमचा ऑनलाइन अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तुमची आधीची टीएम-३० ची नोंद असते, आणि दोन्ही जुळले नाहीत की अर्ज अडतो. सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारकार्डावर दुसरं, असं असलं की तलाठी जसा फाइल बाजूला ठेवतो, तसंच इथे होतं.

म्हणून खातं उघडण्याआधी मालकाकडून टीएम-३० ची पावती मागून घ्या. मोठ्या कॉन्डोत हे काम कधी ज्युरिस्टिक ऑफिस म्हणजे इमारतीचं व्यवस्थापन करतं, कधी एजंट, आणि कधी कोणीच नाही. भाड्याचं उत्पन्न कागदावर आणायचं नसलेले मालक टाळाटाळ करतात, हे उघड गुपित आहे. अशा वेळी भाडेकरूला स्वतः काउंटरवर नोंद देता येते: मालकाच्या ओळखपत्राची त्याने सही केलेली प्रत, घराच्या निळ्या पुस्तकाची म्हणजे तबियान बानची प्रत, भाडेकरार आणि आपला पासपोर्ट. सही केलेली प्रत भाडेकरार करतानाच मागा. डिपॉझिट हातात पडल्यावर मालकाचा उत्साह कमी होतो.

पावती हातात आली की चार गोष्टी अक्षर-अक्षर बघा.

पहिली, नाव. फॉर्मवर आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन रकाने असतात. आपल्या पासपोर्टवर दोनच: आडनाव आणि ‘गिव्हन नेम’, आणि त्या दुसऱ्यात स्वतःच्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव बसलेलं असतं. घरमालक ते पाहून कधी वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाकतो, कधी आडनावालाच पहिलं नाव समजतो. थायलंडमध्ये पहिल्या नावालाच महत्त्व, त्यामुळे त्याचं चुकणं समजण्यासारखं आहे. टीएम-३० वर नाव जसं तोडलेलं असेल तसंच टीएम-४७ मध्ये आलं पाहिजे. आणि मुळातच चुकीचं तोडलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी तर पहिल्या वेळी काउंटरवरच विचारून घ्यावं की नोंद कोणत्या रकान्यात झाली आहे.

दुसरी, पासपोर्ट नंबर. भारतीय नंबरात सुरुवातीला एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. अक्षर ‘ओ’ असेल तर शून्य, ‘आय’ असेल तर एक टाइप होण्याचा धोका.

तिसरी, तारखा. थाई कागदावर बौद्ध संवत असतो, इसवी सनात ५४३ मिळवून. २०२६ म्हणजे २५६९. मालकाने जन्मसाल बदलताना बेरीज चुकवली, तर नोंदीतला माणूस दुसराच ठरतो.

चौथी आणि सगळ्यात त्रासदायक, पत्ता. कॉन्डोच्या दारावरचा रूम नंबर आणि सरकारी घरक्रमांक वेगवेगळे असतात. दारावर बी-१२०४ असेल, तबियान बानवर ८८/३१७. फॉर्मला हवा तो तिरक्या रेघेचा क्रमांक. पुढे सोई म्हणजे गल्ली, रस्ता, मग बँकॉकात ख्वेंग (उपविभाग) आणि खेत (त्याहून मोठा विभाग), बाहेर त्यांच्याच जागी तांबोन आणि आंफो, शेवटी प्रांत. रोमन अक्षरांत स्पेलिंगं चार तऱ्हेची दिसतात, म्हणून जिथे यादी उघडते तिथे यादीतूनच निवडा. नावावरून अंदाज तर बांधूच नका. फ्रा खानोंगचं उदाहरण पुरे: फ्रा खानोंग नावाचा खेत आहे, पण फ्रा खानोंग नावाचं ख्वेंग येतं ख्लोंग तोई खेतात, आणि फ्रा खानोंग नुआ येतं वत्थना खेतात. बीटीएस या शहरी रेल्वेच्या स्टेशनच्या नावावरून पत्ता भरणाऱ्याचा अर्ज इथेच फसतो.

आणखी एक खाच. सुट्टीला फुकेतला हॉटेलात राहिलात तर हॉटेलही तुमची टीएम-३० देतं, आणि यंत्रणेत शेवटचा पत्ता हॉटेलचा पडतो. परदेशवारीनंतर री-एन्ट्री परमिटवर, म्हणजे आहे तोच मुक्काम कायम ठेवून परतण्याच्या परवान्यावर, त्याच घरी परतणाऱ्याला नवी टीएम-३० लागत नाही, अशी सवलत २०२० च्या जूनअखेरीस आली. तरी काही ऑफिसं ताजी पावती मागतातच. वाद घालण्यापेक्षा मालकाला पुन्हा नोंद करायला सांगणं स्वस्त पडतं. आगमनाचं डिजिटल कार्ड, टीडीएसी, १ मे २०२५ पासून प्रत्येक प्रवेशाला भरावं लागतं, त्यातही पत्ता असतो. पण त्याने टीएम-३० भागत नाही.

अर्ज भरणं

हा भाग सोपा. ईमेल आणि पासपोर्टच्या माहितीवर खातं उघडायचं, नवा अर्ज घ्यायचा, अटी मान्य करायच्या, व्हिसाचा प्रकार, मुदत, शेवटच्या प्रवेशाचा तपशील आणि पत्ता भरायचा. सगळे कागद समोर असतील तर दहा-पंधरा मिनिटं. शेवटी संदर्भ क्रमांक येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. अर्जाची स्थिती आधी ‘पेंडिंग’ दिसते. मंजूर झाला की पावतीची पीडीएफ मिळते आणि त्यावर पुढची तारीख असते. ती छापून पासपोर्टात ठेवा. पुढच्या एक्स्टेन्शनला दाखवावी लागते. मंजुरीचा मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो, म्हणून खात्यात शिरूनही बघत चला.

वेबसाइटचा पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’ने संपतो याची खात्री करा. ही नोंद आणि टीडीएसी दोन्ही फुकट आहेत. बँकेच्या कार्डाचा नंबर मागणारं पान सरकारी नव्हे.

कधी भरायचा

सेवेचा सगळा उपयोग या हिशोबावर अवलंबून आहे. प्रवेशाचा दिवस हा पहिला दिवस. ५ जानेवारी २०२६ ला उतरलात तर नव्वदावा दिवस ४ एप्रिल. काउंटरवर १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत घेतात, म्हणजे २० मार्च ते ११ एप्रिल. आता कॅलेंडर उघडा: ४ एप्रिल शनिवार, ६ एप्रिलला चक्री दिनाची सुट्टी, ११ पुन्हा शनिवार. म्हणजे तारखेनंतरच्या सात दिवसांत कामाचे दिवस चारच, ७ ते १०. त्यानंतर लगेच सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाच्या सुट्ट्या.

नंतरचे ते सात दिवस काउंटरसाठी राखून ठेवा, वेबसाइटसाठी नाही. ऑनलाइन अर्ज ते आधीचे १५ दिवस सुरू झाले की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच टाका. मंजुरी कधी काही तासांत येते, कधी कामाचे कित्येक दिवस लागतात. शनिवार-रविवार त्यात धरू नका. वरच्या उदाहरणात २० मार्च शुक्रवार आहे, संध्याकाळी भरलात तर सोमवारपर्यंत हालचालीची अपेक्षा नको. लवकर टाकल्याचा फायदा असा की नाकारला गेला तरी टीएम-३० दुरुस्त करून दुसऱ्यांदा भरायला आठवडा उरतो. देय तारीख आली आणि अजून ‘पेंडिंग’च असेल, तर वाट न पाहता संदर्भ क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेऊन काउंटर गाठा.

पुढची तारीख बोटांवर मोजू नका, पावतीवरची धरा. मात्र मध्ये एक दिवसासाठी जरी देशाबाहेर गेलात, तरी ती पावती बाद. परतलेला दिवस पुन्हा पहिला. गणपतीला पुण्याला जाऊन आलेल्यांनी कॅलेंडरमधली जुनी आठवण पुसून नवी लावावी. आणि जाण्याआधी री-एन्ट्री परमिट विसरू नका, एकदाचं १,००० बाट, अनेकदाचं ३,८००. ते न घेता बाहेर पडलात तर एक्स्टेन्शनच रद्द होतं, मग नव्वद दिवसांची चिंता उरतच नाही.

पर्याय

बँकॉकचं मुख्य ऑफिस चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात, बिल्डिंग बी. गुलाबी मोनोरेल सुरू झाल्यापासून जाणं सोपं झालं आहे. सरकारी वेळ साडेआठ ते साडेचार, मध्ये बारा ते एक जेवणाची सुट्टी. साडेअकराला पोचण्यात अर्थ नाही. एजंट काही पैशांत हे काम करतात, पण पासपोर्ट त्यांच्या हाती सोपवावा लागतो. ऑनलाइन खातं चालू असलेल्याने तो खर्च करण्याचं कारण दिसत नाही.

पोस्टाचा मार्ग मात्र उगाच दुर्लक्षित आहे. वेबसाइट वारंवार नाकारत असेल आणि ऑफिस दूर असेल तर तोच धरावा. भरून सही केलेला टीएम-४७, पासपोर्टच्या फोटोच्या, व्हिसाच्या, शेवटच्या प्रवेशशिक्क्याच्या आणि एक्स्टेन्शनच्या पानांच्या प्रती, मागची पावती, आणि स्वतःचा पत्ता लिहून १० बाटचं तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. देय तारखेच्या किमान १५ दिवस आधी रजिस्टर्ड पोस्टाने, आपल्या भागाच्या ऑफिसच्या पत्त्यावर. पोस्टाची पावती जपून ठेवा, कारण परतीचं पाकीट वेळेत आलं नाही तर काउंटरवर दाखवायला तेवढाच पुरावा असतो.